लॅपटॉप घेताना प्रोसेसरचा पूर्ण नंबर कसा वाचायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

पीयूसीचा निकाल लागला की मे-जूनमध्ये माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. कुणी खडेबाजारातल्या दुकानातून पाठवतं, कुणी कोल्हापूरला गेलेला असतो तिथून. फोटोत लॅपटॉपच्या तळहाताजवळचं चकचकीत स्टिकर असतं आणि खाली एकच ओळ: "मामा, आय-फाइव्ह हाय, सोळा जीबी हाय, घेऊ काय?"

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. पूर्ण नंबर पाठव.

कारण स्टिकरवरच्या 'आय५' किंवा 'रायझन ५' या नावाखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, की दोन लॅपटॉपवर तेच नाव असूनही एकात गेम सुरळीत चालतो आणि दुसऱ्यात अडखळतो. ऊस विकून, भिशी फोडून किंवा सोसायटीचं कर्ज काढून आणलेले पन्नास हजार रुपये एका अर्धवट वाचलेल्या नावावर घालवणं मला बघवत नाही. म्हणून हा लेख. घरातलं रोजचं काम आणि थोडं गेमिंग, दोन्ही एकाच लॅपटॉपवर बेताच्या पैशांत करायचं असेल, तर प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, कसा निवडायचा ते पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी यादी करा

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाला या लॅपटॉपवर काय करायचं आहे ते लिहा. वडिलांना शेताचा उतारा बघायचा असतो, बँकेचं काम असतं. आईला यूट्यूब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल. मुलगा डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला असेल तर वर्ड, एक्सेल, प्रोग्रामिंग आणि मेकॅनिकलवाला असेल तर ऑटोकॅड. उद्यमबागेत नोकरी बघायची असेल तर पुढे सॉलिडवर्क्सही. मराठी आणि कन्नड टायपिंगला कुठलाही प्रोसेसर पुरतो, त्याची काळजी नको.

मग गेम. इथे मुलांना नीट विचारा, कारण 'गेम' या शब्दानं काहीच कळत नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट हा एक गट. त्यातला व्हॅलोरंट तर फारच हलका आहे, आणि काउंटर-स्ट्राइक सेटिंग खाली आणून निभावतो. जीटीए ५ सारखे जुने पण मोठे गेम हा दुसरा गट. तो पीसीवर २०१५ मध्ये आला, त्यामुळे आजच्या बऱ्याच साध्या लॅपटॉपवरही सेटिंग कमी करून खेळता येतो. तिसरा गट सायबरपंक २०७७ सारख्यांचा. त्याला कमीत कमी १२ जीबी रॅम आणि ६ जीबी मेमरीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) लागतं. हे कमीत कमी, म्हणजे फक्त चालण्यापुरतं.

आणि मुलगा फक्त बीजीएमआय म्हणत असेल तर थांबा. तो फोनचा गेम आहे. त्याच्यासाठी लॅपटॉपवर वीस हजार जास्त घालण्यात अर्थ नाही.

या यादीतली सगळ्यात जड गोष्ट कोणती, त्यावर पुढचं सगळं ठरतं. हा कागद खिशात ठेवूनच दुकानात जा.

दुसरी पायरी: नंबर उलगडा

ही पायरी मोठी आहे, पण एकदा समजली की आयुष्यभर उपयोगी पडते.

आधी इंटेल या कंपनीचे प्रोसेसर. 'आय५-१२४५०एच' हे नाव घ्या. आय५ हा फक्त वर्ग. त्यानंतरचे पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावी पिढी. मग मॉडेल, आणि शेवटी अक्षर. आता याच बाराव्या पिढीतला आय५-१२३५यू घ्या. दोन्ही आय५, दोन्ही बारावी पिढी. पण आतली रचना वेगळी.

बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात: मोठे आणि लहान. मोठा कोअर म्हणजे नांगरटीचा ट्रॅक्टर आणि लहान कोअर म्हणजे सरीत फिरणारा पॉवर टिलर. टिलर कमी डिझेलवर बरंच काम उरकतो, पण खोल नांगरट त्याच्याकडून होत नाही. गेमचं मुख्य काम म्हणजे नांगरट. १२३५यू मध्ये २ मोठे आणि ८ लहान असे १० कोअर आहेत. १२४५०एच मध्ये ४ मोठे आणि ४ लहान असे ८. दुकानात कुणी म्हणेल, "हा दहा कोअरवाला घ्या, तो आठवाला कशाला?" ऐकायला बरोबर वाटतं. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये आठवाला पुढे जातो, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर चार आहेत आणि त्यांना वीजही जास्त मिळते. उलट कॉलेजचं काम आणि दिवसभर बॅटरी हवी असेल तर दहावाला बरा. एकूण कोअर किती हे विचारू नका, मोठे किती ते विचारा.

आय३ मध्येही असाच फरक. आय३-१२१५यू मध्ये २ मोठे, ४ लहान. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या आय३-१३०५यू मध्ये मोठा कोअर एकच, लहान ४. पिढी नवी म्हणून वस्तू भारी, असा हिशोब इथे चुकतो. आय३-एन३०५ मध्ये तर आठही कोअर लहान. नुसता 'एन१००' म्हणजे चार लहान कोअर. टायपिंग, उतारा, यूट्यूब एवढ्यापुरता तो ठीक आहे, गेमिंगसाठी नाही. आणि कुणी सेलेरॉन एन४०२० स्वस्तात देत असेल तर फुकटातही विचार करून घ्या. दोन कोअर, २०१९ ची वस्तू, आजचं विंडोज त्यावर रांगतं.

इंटेलनं अलीकडे नावातलं 'आय' काढून टाकलं आहे. आता 'कोअर ५ १२०यू', 'कोअर ५ २१०एच' अशी नावं दिसतात. नाव नवं असलं तरी आतली वस्तू बरीच ओळखीची आहे: १२०यू मध्ये तेच २ मोठे आणि ८ लहान, २१०एच मध्ये तेच ४ आणि ४. म्हणून 'कोअर ५' आणि जुना 'आय५' शेजारी ठेवून नव्यासाठी पाच-सहा हजार जास्त मागत असतील तर ते द्यायचं कारण नाही. 'कोअर अल्ट्रा' मात्र खरोखर वेगळा आहे. डिसेंबर २०२३ पासून आला, त्यातलं प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स बरंच ताकदवान. बजेटमध्ये अल्ट्रा ५ १२५एच बसत असेल तर विचार जरूर करा.

आता एएमडी ही दुसरी कंपनी, म्हणजे रायझन. इथे गोंधळ जास्त, पण किल्लीही सोपी. ७००० आणि ८००० मालिकेच्या चार आकड्यांत तिसरा आकडा बघा. तो आतली रचना कोणत्या काळातली ते सांगतो. या रचनेला एएमडी 'झेन' म्हणतं. २ असेल तर झेन २, म्हणजे २०१९ ची रचना. ३ असेल तर झेन ३ किंवा ३ प्लस. ४ असेल तर झेन ४, जी २०२२ ची. पहिला आकडा ७ म्हणजे फक्त २०२३ सालची मालिका, त्यावरून वस्तू नवी की जुनी ते कळत नाही.

आता दोन नंबर शेजारी ठेवा: रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. एका आकड्याचा फरक. पहिल्यात झेन २, ४ कोअर, आणि ग्राफिक्सचे गट (चित्र काढणारे छोटे भाग) फक्त २. दुसऱ्यात झेन ३, ६ कोअर, ग्राफिक्सचे गट ७. शिवाय ७५२०यू ची रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. कॉलेजच्या कामाला, वेबसाइट बघायला ७५२०यू काही वाईट नाही, वीजही कमी खातो. पण गेमिंगच्या आशेनं घेणाऱ्यानं हा एक आकडा वाचला नाही, तर पाच वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

५००० मालिकेला ही किल्ली लागू पडत नाही. तिथे एवढंच लक्षात ठेवा: ५५००यू आणि ५७००यू हे झेन २, तर ५६००यू आणि ५६००एच हे झेन ३. म्हणजे रायझन ७ लिहिलेला ५७००यू रचनेनं रायझन ५ लिहिलेल्या ५६००एच पेक्षा जुना. तरीही ५५००यू ला ६ कोअर आहेत आणि स्वस्तात मिळाला तर आजही तो चांगला गडी आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

स्नॅपड्रॅगनवाले, म्हणजे फोनच्या धाटणीचा प्रोसेसर असलेले लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत. पण विंडोजचे बहुतेक गेम इंटेल-एएमडीच्या रचनेसाठी लिहिलेले असतात आणि तिथे ते रूपांतर करून चालवावे लागतात. काही तर चालतच नाहीत. गेमिंग यादीत असेल तर तिकडे वळू नका.

तिसरी पायरी: शेपटीचं अक्षर

यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, पातळ लॅपटॉप, जास्त बॅटरी. पी म्हणजे २८ वॅटचा. एचएस ३५ च्या आसपास, एच ४५, एचएक्स ५५. वॅट जास्त म्हणजे ताकद जास्त, उष्णता जास्त, पंख्याचा आवाज जास्त, वजन जास्त. गेमिंग करायचं तर एच किंवा एचएस. नुसतं कॉलेज आणि घर तर यू. यू घेऊन जड गेमची अपेक्षा धरली की पहिली दहा मिनिटं बरं चालतं, मग गरम होऊन वेग खाली येतो.

चौथी पायरी: ग्राफिक्स आणि रॅमची दुसरी पट्टी

गेमिंगमध्ये प्रोसेसरपेक्षाही ग्राफिक्सचा वाटा मोठा असतो. ग्राफिक्स दोन प्रकारचं. एक प्रोसेसरच्या आतच असतं आणि लॅपटॉपची रॅम उसनी घेऊन काम करतं. दुसरं वेगळं कार्ड, ज्याला स्वतःची मेमरी असते, जसं आरटीएक्स २०५०, ३०५०, ४०५०.

आतल्या ग्राफिक्सबद्दल एक गोष्ट मला जवळून सांगायची आहे, कारण ती जवळजवळ कुणीच सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचा मुलगा खानापूरहून लॅपटॉप घेऊन आला. सहा कोअरचा चांगला रायझन, ८ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही. "मामा, व्हॅलोरंट अडखळुलालाय, दुकानात परत देऊ काय?" मी लॅपटॉप पालथा घातला, खालचे स्क्रू काढले, कडेनं जुनं एटीएम कार्ड फिरवून पत्रा उचलला. आत रॅमच्या दोन खाचा. एकीत ८ जीबीची पट्टी, दुसरी रिकामी, कोरी, आत बोटभर धूळसुद्धा नाही. त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी आणली, तिरकी धरून खाचेत सरकवली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक्क आवाज येईपर्यंत खाली दाबली. पत्रा लावला, चालू केला. तोच गेम, तीच सेटिंग. पोरगा पाच मिनिटं काही बोललाच नाही, नुसता खेळत राहिला.

यामागचं कारण समजून घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधून माहिती ओढतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन पट्ट्या मिळून ५१.२. म्हणजे हौदाला एकाऐवजी दोन पाइप लावले. इंटेलमध्ये तर हा फरक नावातच दिसतो: एकच पट्टी असेल तर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स विंडोजमध्ये साधं 'यूएचडी' म्हणून दिसतं. खोक्यावर आयरिस छापलेलं, आत यूएचडी. वस्तू खोटी नसते, पट्टी कमी असते.

म्हणून वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप घेताना, १६ जीबीची एक पट्टी असलेला आणि ८-८ च्या दोन असलेला यांत दोन पट्ट्यांचा घ्या. एकच पट्टी असेल तर दुसरी खाच आहे ना, हे विचारूनच घ्या.

आतल्या ग्राफिक्समध्ये बजेटवाल्यांसाठी माझी पसंती रायझन ५ ७५३५एचएस (आत ६६०एम) आणि परवडला तर रायझन ७ ७७३५एचएस (आत ६८०एम) यांना. ६८०एम मध्ये ग्राफिक्सचे १२ गट आहेत, ६६०एम मध्ये ६. दोन पट्ट्या घालून ६८०एम वर जीटीए ५ मस्त चालतो.

वेगळ्या कार्डात दोन गोष्टी विचारा. पहिली मेमरी किती. आरटीएक्स ३०५० हे ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत येतं, ४०५० ला ६ जीबी असते. दुसरी वॅट. तेच ४०५० कार्ड कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही लावून विकू शकते. ३५ वॅटचं आणि ११५ वॅटचं यांचं नाव एकच, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. ही माहिती खोक्यावर बहुधा नसते, कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात असते. काउंटरवर उभं राहूनच फोनवर बघा.

पाचवी पायरी: पैशाचा हिशोब

आपल्याकडे लोक साधारण तीन प्रकारचं बजेट घेऊन येतात. भाव दसरा-दिवाळीला, कॉलेज सुरू होताना खाली-वर होत राहतात, म्हणून मी इथे भावापेक्षा नंबर सांगतो.

चाळीस हजारांच्या आत असाल तर गेमिंग हा जोडधंदा समजा. आय३-१२१५यू, रायझन ३ ७३३०यू किंवा रायझन ५ ५५००यू. रॅमची दुसरी खाच असलेलाच घ्या. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट निभावतात.

पन्नास-पंचावन्नला दोन वाटा फुटतात आणि इथेच घरात भांडणं होतात. आई म्हणते अभ्यासाचा, मुलगा म्हणतो गेमिंगचा. आय५-१२३५यू, १३३४यू किंवा रायझन ५ ७५३०यू घेतला तर हलका, शांत, दिवसभर चालणारा लॅपटॉप मिळतो. रायझन ५ ७५३५एचएस घेतला तर बॅटरी थोडी कमी, पण गेमिंगला चांगली धार. मी दुसरी वाट सुचवतो, कारण त्यात अभ्यासाचं काही अडत नाही आणि ऑटोकॅडलाही बरं पडतं. या किमतीला कधी कधी आय५-१२४५०एच आणि आरटीएक्स २०५० किंवा ३०५० असा लॅपटॉप सवलतीत मिळतो. रॅम ८ जीबी असली तरी चालेल, खाच रिकामी असेल तर पट्टी नंतर घालता येते. ग्राफिक्स कार्ड मात्र लॅपटॉपमध्ये नंतर घालता येत नाही.

सत्तरच्या पुढे जात असाल तर एकच सांगतो: प्रोसेसरवर पैसे घालू नका, कार्डावर घाला. आय७ आणि ३०५० पेक्षा आय५-१२४५०एच किंवा १३४२०एच आणि ४०५० ही जोडी गेममध्ये सरस ठरते. आय७ हा आकडा नातेवाइकांना सांगायला चांगला वाटतो, पण पडद्यावर चित्र काढायचं काम कार्ड करतं.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर

बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप आपल्याकडे बरेच येतात आणि त्यात चांगली वस्तूही मिळते. पण आठव्या पिढीच्या खालचं इंटेल घेऊ नका. दोन कारणं. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं कारण त्याहून मोठं: सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये २ कोअर आहेत, आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये ४. एका पिढीत कोअर दुप्पट झाले. किमतीत फरक दोन-चार हजारांचा, वस्तूत फरक दुपटीचा. रायझनमध्ये ३००० मालिकेपासून पुढचे बघा.

काही ठिकाणी सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर पळवाट काढून विंडोज ११ घालून देतात. चालू होतं, छानही दिसतं. पण व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपच्या आतल्या दोन्ही सुरक्षा सोयी चालू लागतात. ते नसेल तर गेम दारातच अडवतो.

बॅटरी बघायची सोपी रीत: स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा, त्यात पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

दुकानात काउंटरवर

स्टिकर, खोकं, भिंतीवरचं पोस्टर, सगळं बाजूला ठेवा. लॅपटॉप चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स' भागात जा.

सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. खाली कोअर किती तेही. मेमरीवर क्लिक केलं की 'स्लॉट्स यूज्ड' समोर एकूण खाचा किती आणि भरलेल्या किती ते दिसतं. '१ ऑफ २' म्हणजे एक रिकामी, चांगली बातमी. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलेलं असेल तर रॅम जोडलेली आहे, खाच असेलच असं नाही. जीपीयूवर क्लिक केलं की कार्डाचं नाव आणि त्याची स्वतःची मेमरी दिसते. दोन मिनिटांचं काम आहे. कोणी भला दुकानदार याला नाही म्हणत नाही. म्हणालाच तर पुढच्या गल्लीत दुकानं भरपूर आहेत.

हे तीन फोटो काढा. मग घरी किंवा चहा पिता पिता यूट्यूबवर तो पूर्ण नंबर आणि तुमच्या गेमचं नाव एकत्र टाकून शोधा. व्हिडिओतल्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्या किती होत्या तेही बघा, नाहीतर तुलना फसते.

वीज, ऊन आणि पाऊस

गावात राहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. बॅटरी ५० वॅट-अवरची धरा. यूवाला लॅपटॉप साध्या कामाला साधारण १० वॅट घेत असेल तर पाच तास चालतो. गेमिंग लॅपटॉप खेळताना १०० वॅट ओढत असेल तर अर्धा तास. शिवाय बॅटरीवर असताना गेमिंग लॅपटॉप स्वतःहून ताकद कमी करतात. तेव्हा रोज संध्याकाळी लाइट जाते अशा ठिकाणी एचवाला घेतला तर इन्व्हर्टरचा विचार त्याच बजेटमध्ये धरा. यूचा चार्जर बहुधा ४५ किंवा ६५ वॅटचा असतो, गेमिंगवाल्याचा दीडशे किंवा त्याहून जास्त.

गेमिंग लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असतात. गल्लीतल्या जुन्या घरांत बोर्डाला अर्थिंग नसतं, म्हणून काही जण तिसरी पिन वाकवतात किंवा कापतात. कृपा करून तसं करू नका. वायरमनला बोलवून एका बोर्डाला अर्थिंग करून घ्या.

अथणी-चिकोडीकडच्या उन्हाळ्यात एचवाला लॅपटॉप गादीवर ठेवून खेळलं तर तळाची हवेची फट बंद होते आणि वेग पडतो. लाकडी पाट, जेवणाचं ताट, काहीही कडक खाली ठेवा, मागची बाजू बोटभर उचललेली असू द्या. खानापूर-कणकुंबीच्या पावसात उलट त्रास: लॅपटॉप आठवडाभर कपाटात बंद ठेवला की आत दमटपणा धरतो. रोज तासभर चालू ठेवा.

आणि घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत असतानाच, तुमच्या यादीतला सगळ्यात जड गेम सलग अर्धा तास खेळून बघा. पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका. पंचविसाव्या मिनिटाला वेग टिकून आहे का, कळफलकाचा मधला भाग हात ठेववतो का, पंख्यातून घरघर येते का, ते बघा. काही खटकलं तर त्याच दिवशी दुकानात जा.

जाताना बिल घेऊन जा. बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाच्या नंबराशी जुळतो का हे मात्र खरेदीच्या वेळीच बघून घ्यायचं. आणि कोल्हापूरहून घेणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा, या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला जावं लागेल.